चौसष्टाव्या हिश्शाचा ट्रक



व्याख्यानमालेत अध्यात्म, अर्थकारण आणि आरोग्य यांवर बोलणारे पुष्कळ असतात. आजचा विषय टीचभर लांबीच्या मोटारी आणि ट्रक हा आहे, असे कळल्यावर काही गृहस्थांनी नातवंडांना पुढे बसविले आणि स्वतः दाराजवळ जागा धरली. नातवंडे बसू देत. पण माझे बोलणे आहे ते आजोबांशीच. कारण मी ज्या गाड्यांविषयी बोलणार, त्या आजोबांनी पाहिल्या आहेत, नातवंडांनी नाहीत.

गाडीची लहान प्रतिकृती करण्याची हौस विलायतेतून आली, असा एक समज आहे. प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ साली धातूचा एक ओतीव रथ सापडला. लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी १६. दोन बैल जुंपलेले आणि वर सारथी उभा. सोबत चाकांवरचे हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद आहे. पुष्कळजण ती उत्तर-हडप्पा काळातील मानतात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले चाकांवरचे लाकडी बैल ओढीत नेतात. या दोन गोष्टींची वंशावळ जोडण्याचे धाडस मी करणार नाही, पण हौस तीच आहे.

विलायतेने दिले ते ठरलेले प्रमाण आणि कारखान्यात निघणारा माल. लंडनच्या लेस्नी कंपनीतील जॅक ओडेल यांच्या मुलीला शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती. बापाने तिला तेवढा पितळी रोडरोलर करून दिला आणि त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ मालिका निघाली. तिच्यातील पहिली तीन वाहने कोणती? रोडरोलर, डंपर आणि काँक्रीट कालवण्याचे यंत्र! एखादे धरण बांधायला निघावे तशी ही तयारी होती. आपले येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले, त्याच वर्षी अमेरिकेत ‘हॉट व्हील्स’ बाजारात आली. हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून कोणी काही सिद्ध करू नये.

आता प्रमाण म्हणजे काय ते पाहू. या छोट्या गाड्यांत चौसष्टावा हिस्सा हे माप फार चालते. सात मीटरांचा ट्रक त्यात अकरा सेंटिमीटरांचा होतो. पाच-साडेपाच फुटी माणूस अंगठ्याच्या एका पेराएवढा. आपले धरण सुमारे ५१ मीटर उंच आणि सव्वाचार किलोमीटर लांब. त्याच हिशेबाने ते माणसाच्या कमरेइतके उंच आणि ६६ मीटर लांब होईल. शाळेच्या पटांगणात मावणार नाही. पूर्णेला अडविणाऱ्या या भिंतीपुढे माती वाहणारा ट्रक केवढा होता, हे अशा हिशेबानेच डोळ्यांत भरते.

बाजारात मिळणारी गाडी हौशी माणूस तशीच ठेवीत नाही. तळाची रिव्हेट ड्रिलने काढून तो ती उघडतो, जुना रंग रसायनाने उतरवितो, चाके बदलतो, पुन्हा रंगवितो. येथे नवशिक्याचा हात फसतो तो रंगाच्या जाडीवर. एक दशांश मिलिमीटर रंग बसला, की तो खऱ्या गाडीच्या मापाने पाव इंच जाड झाला! गिलावा दिलेला ट्रक आपण कोणी पाहिला आहे काय? म्हणून पातळ हात, पुन्हा पातळ हात, आणि मध्ये वाळू देण्याचा धीर.

याहून गमतीची गोष्ट धुळीची. येलदरीची काळी माती आणून छोट्या ट्रकावर टाकली, तर ती माती दिसत नाही, खडी दिसते. अर्ध्या मिलिमीटरचा कण चौसष्टपटीने सव्वा इंचाचा दगड होतो. माती वाटून, मलमलीतून गाळून, तिचे पीठ ब्रशाने लावावे लागते. कापसाचेही तेच. आपल्या जिल्ह्यात कापसाने फुगलेला, दोन्ही अंगांनी बाहेर ओसंडणारा ट्रक सर्वांनी पाहिला आहे. पण त्या प्रतिकृतीत खरा कापूस भरला की तो उशीसारखा दिसतो. स्पंजाचा आकार कापून त्यावर फडके ताणावे आणि मेण लावलेल्या बारीक दोऱ्याने आवळावे, म्हणजे तो दोर वाटतो. लहान मापात खऱ्या वस्तूला खोटेपणा येतो, हे या नादातले पहिले शिक्षण.

दुसरे शिक्षण असे, की डाग कोठेही टाकता येत नाही. त्याला कारण लागते. मातीच्या धरणाच्या पोटात साधारणपणे काळी चिकण माती घालतात आणि बाहेरून मुरूम. ज्या ट्रकाने मुरूम वाहिला त्याचा हौदा तांबूस होणार. चिखल चाकामागे उडणार, टपावर नव्हे. हौद्याच्या आतला रंग खरवडून पत्रा उघडा पडणार. तेथे पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली की झिजलेले लोखंड दिसू लागते. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली काळा ओघळ हवा, आणि चालकाच्या बाजूच्या दाराचा रंग क्लीनरच्या बाजूपेक्षा अधिक गेलेला हवा की नको, हे खऱ्या गाडीपाशी जाऊनच पाहावे.

आणि येथेच आपली अडचण सुरू होते. विलायती ट्रकाच्या प्रतिकृती पाहिजे तितक्या मिळतात. आपल्या रस्त्यावरचा ट्रक दुकानात क्वचित दिसतो. टाटा आणि डायम्लर-बेंझ यांचा सहकार्याचा करार १९५४ साली झाला, १९६९पर्यंत चालला. तोवर ट्रकाच्या नाकावर मर्सिडीजचा तारा असे. पण कारखान्यातून निघे ते पुष्कळदा चेसिस, इंजिन, बॉनेट आणि समोरचा पत्रा एवढेच. डोक्याला फडके गुंडाळून, उघड्यावर बसून चालक ते सांगाडे शेकडो मैल हाकीत नेत. केबिन, हौदा, फाळका, टपावरचे कॅरियर हे सारे गावोगावचे सुतार आणि बॉडी बांधणारे करीत. त्यांच्या कामाचा नकाशा कारखान्याच्या दप्तरात कसा असणार? तो त्या कारागिरांच्या हातात होता. म्हणून आपल्या ट्रकाची प्रतिकृती करणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, ज्याची नोंद कोणी ठेवली नाही त्याची नोंद करीत असतो.

नोंद म्हटली की साल आले. १९६५चा ट्रक करून त्यावर ‘एमएच-२२’ लिहिणारे हौशी आहेत. ही पद्धत १९८९मधली. आणि पूर्णेपलीकडच्या हिंगोलीचा ‘एमएच-३८’ तर १९९९ साली जिल्हा झाल्यावरचा. मागच्या फळीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचे असेल, तर महाराष्ट्रात त्यावर २०१५ साली बंदीचा हुकूम निघाला हे ध्यानात ठेवावे. लिंबू-मिरचीला मात्र कोणत्याही सालाची अडचण नाही.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. आपल्या मराठवाड्याची परिवहन सेवा १ जुलै १९६१ रोजी महामंडळात आली. तेव्हापासून या रस्त्यांवर लाल गाड्यांच्या किती पिढ्या झाल्या! आज अनेक तरुण पुठ्ठ्याच्या आणि फोमच्या एस.टी. घरी करतात आणि त्या उत्तम असतात. पण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी आणि महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला आहे. धुराच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. मात्र जी गाडी तोडली जाईल, तिच्या खिडकीची उंची, पायरीचे अंतर आणि मागच्या शिडीचे गज पुन्हा कोणाला मोजता येणार नाहीत. छायाचित्रे पुष्कळ आहेत म्हणावे, तर ती सारी समोरून. बाजूची, मागची आणि टपाची कोणी काढीत नाही, चेसिसखालची तर नाहीच.

जिंतूर-येलदरी-सेनगाव रस्त्यावर एखाद्या शेताच्या बांधाला जुना ट्रक उभा असेल, तर मालकाची परवानगी घेऊन एक तास द्या. मोजपट्टी, वही आणि एक मीटरची काठी पुरे. काठी गाडीला टेकवून चारी बाजूंची छायाचित्रे सरळ उभे राहून घ्या; तिरके घेतले तर मापे निघत नाहीत. रंग पाहायचा असेल तर दाराच्या आतली बाजू पाहा; बाहेरचा उन्हाने विटलेला असतो. हौदा कोणत्या लाकडाचा आणि कोणी बांधला, हे मालकाला विचारून लिहून ठेवा. आणि पाट्यांपासून जमिनीपर्यंतची उंची, गाडी अजून चालती असेल, तर रिकामी असताना एकदा आणि भरलेली असताना एकदा मोजा. भंगारात उभ्या केलेल्या गाडीचे टायर आधीच काढून नेलेले असतात. तिथे ही दोन्ही मापे मिळत नाहीत.