आपल्या गळ्याचे गाणे

(शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या सांस्कृतिक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी झालेल्या कार्यक्रमात एका शिक्षिकेने लताबाईंचे एक भावगीत म्हटले. ध्रुपद फार सुरेख झाले. अंतऱ्यात सूर तार सप्तकात चढला, तेथे मात्र आवाज चिरकला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. ध्वनिमुद्रण चालू असल्याने तो हशाही मुद्रित झाला. पेटीवाल्यास "मूळ पट्टीतच धरा" अशी सूचना देणारा मीच होतो. त्या बाईंनी त्यानंतर व्यासपीठावर गाणे सोडले. आजचा विषय मी निवडला त्याला हे एक कारण आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. गावोगावची हौशी मंडळी आवडती गाणी स्वतःच्या आवाजात मुद्रित करून आप्तेष्टांस पाठवितात. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु गाणे निवडताना आपण एक चूक हमखास करतो. जे गाणे ऐकावयास आवडते, ते आपल्या गळ्यासही मानवेल असे आपण गृहीत धरतो.

शास्त्र न शिकलेल्या माणसाचा आवाज साधारणपणे दीड सप्तकात सुखाने फिरतो. आता एखादे गीत मंद्र पंचमापासून तार गांधारापर्यंत जात असेल, तर त्याचा पल्ला पावणेदोन सप्तकांचा झाला. अशा गीताची पट्टी कितीही बदलली तरी ते कोठे तरी अडणारच. उलट मध्य षड्जापासून तार गांधारापर्यंतचे गीत सव्वा सप्तकाहून थोडेसेच अधिक असते. त्याला योग्य पट्टी मिळाली की सामान्य गळाही ते पेलू शकतो. म्हणून प्रथम पेटीपाशी बसावे, ज्या स्वरावर आवाज पोकळ होतो तो खालचा आणि ज्यावर मान ताणावी लागते तो वरचा, असे दोन्ही पाहून ठेवावेत. मग गीतातील सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वर त्या दोहोंच्या आत बसतो का, हे तपासावे. एवढे काम अर्ध्या तासाचे आहे. दुर्दैवाने ते कोणी करीत नाही.

पुरुष बहुधा पांढरी एक ते काळी दोन आणि स्त्रिया पांढरी पाच ते काळी पाच या पट्ट्यांत गातात, हा स्थूल नियम झाला. पण कित्येक स्त्रियांचा आवाज ठेंगण्या पट्टीचा असतो, वयपरत्वे तो आणखी उतरतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शिक्षकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. सातवी ते नववीच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्या काळात त्यांना स्नेहसंमेलनासाठी उंच पट्टीत ताणून गावयास लावू नये. वर्ष-दोन वर्षे थांबल्याने गाणे कोठे पळून जात नाही.

पट्टी बदलल्याने गाण्याचा अपमान होतो, असा एक समज आहे. पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 रोजी सुरू झालेल्या गीतरामायणाचे उदाहरण घ्या. ग. दि. माडगूळकरांची ती 56 गीते आकाशवाणीवर माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे अशा निरनिराळ्या कंठांतून प्रसारित झाली. पुढे संगीतकार सुधीर फडके यांनी स्त्रीपात्रांच्या गीतांसह ती सर्व एकट्याने गाऊन घरोघर पोहोचविली. सीतेचे गीत पुरुषाच्या तोंडी आले म्हणून कोणी खट्टू झाले नाही; कारण बाबूजींनी स्त्रीच्या आवाजाची नक्कल केली नाही. आपल्या गळ्यात, आपल्या पट्टीत, प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारीत ते गायिले.

नक्कल हा मात्र नाजूक विषय आहे. गायक मुकेश यांचे 1945 सालच्या 'पहली नजर' या चित्रपटातील गाणे सैगल यांच्या ढंगाचे होते. पुढे त्यांनी आपला ढंग शोधला, म्हणून ते मुकेश झाले. शिकण्यासाठी नक्कल जरूर करावी. मुद्रण करताना ती आवरावी.

आता यंत्राविषयी. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. 1925 च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि हळू आवाजालाही प्रतिष्ठा लाभली. आपले हौशी गायक मात्र अजूनही कर्ण्यासमोर उभे असल्यासारखे ओरडतात! फोन तोंडापासून दीड-दोन वितींवर, किंचित बाजूला ठेवावा. समोर धरल्यास प, फ, भ या अक्षरांचा वारा त्यावर आपटून धबधब असा आवाज उठतो. सर्वांत मोठ्याने गावयाची ओळ आधी मुद्रित करून पाहावी. तेथे आवाज फाटला, तर फोन दूर न्यावा. मोकळ्या भिंतींच्या वर्गखोलीत आवाज घुमतो; त्यापेक्षा गाद्या-गोधड्यांची उतरंड असलेली घरातली खोली कधीही चांगली. पंखा बंद करावा. गिरणी सुरू होण्यापूर्वीची पहाटेची वेळ उत्तम, फक्त गळा तापलेला असावा. तयार साथसंगत वापरणार असाल तर ती कानातल्या यंत्रातूनच ऐकावी, नाही तर ती आवाजात मिसळून दोन्ही बिघडतात. माझे वैयक्तिक मत असे, की पहिले मुद्रण केवळ तंबोऱ्यावर किंवा पेटीवर करावे. वाद्यवृंदाच्या आड आपले दोष आपल्यापासूनच लपतात.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांपुढे गीत सादर करणे यास 1957 च्या कॉपीराइट अधिनियमात सूट आहे. मुद्रण करून विकणे किंवा प्रसृत करणे ही वेगळी बाब होय. 2012 च्या दुरुस्तीनुसार, मूळ ध्वनिमुद्रण झाल्याच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्यावरच, आगाऊ सूचना व स्वामित्वशुल्क देऊन नव्या आवाजातील आवृत्ती काढता येते, आणि ती मूळ नव्हे हे स्पष्ट छापावे लागते. अभंगाचे शब्द तुकोबांचे, ते सर्वांचेच. पण श्रीनिवास खळे किंवा राम फाटक यांनी दिलेली चाल ही त्यांची निर्मिती आहे, हा भेद ध्यानी ठेवावा. परंपरागत चालीवर म्हटलेल्या अभंगास ही अडचण येत नाही. भजनी मंडळांनी तेथूनच आरंभ करावा असे मी सुचवीन.

त्या शिक्षिका गेल्या वर्षी एका प्रशिक्षण वर्गात भेटल्या. त्या दिवशीची पट्टी कोणी ठरविली होती, हे मी त्यांना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने त्यांनी एक ध्वनिमुद्रण पाठविले. तेच भावगीत, परंतु काळी पाचऐवजी पांढरी चारमध्ये, साथीला फक्त पेटी. दोन ठिकाणी श्वास ऐकू येतो आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी दूर कोठे तरी कोंबडा आरवतो. "तेवढा भाग काढून टाकू का?" असे त्यांनी विचारले होते. राहू द्या, असे मी कळविले.