सुप्याच्या बाजारातली होळी
(बंगळूर येथील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यातील भाषण)



विषमता वाढली की उद्रेक होतो, हे वाक्य आपण सर्वांनी व्यासपीठावरून शंभरदा ऐकले आहे. आम्हाला ते अपुरे वाटते. विषमता पिढ्यानपिढ्या असते. उद्रेक एखाद्याच दिवशी होतो. तोच दिवस का, आणि राग कोणावर निघतो, हे पाहायला आपल्याच मुलखात जाऊ.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातले सुपे. बाजाराचा दिवस. भोवतालच्या गावांचे शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य-कापड लुटले गेले, हे खरे. पण मुख्य रोख होता तो कर्जरोख्यांवर आणि चोपड्यांवर. ती हाती आली की चव्हाट्यावर जाळायची. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. तरीही माणसांवरचे हल्ले फारच थोडे.

कागदावर एवढा राग का? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकार मागेल त्याला पैसे देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकाराने हात आखडता घेतला. त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. १८५९ चा मुदतीचा कायदा तर कुळाला वाचवायला केलेला: रोखा तीनच वर्षे चालायचा. सावकाराने तोड काढली. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा. वाचता न येणारा माणूस अंगठा उठवायचा. आपल्यापैकी ज्यांनी पतपेढीच्या जुन्या कर्जावर नवे कर्ज काढले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. सुप्याच्या आधी, १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने हाणामारी केली नाही, बहिष्कार घातला. सावकाराचे कोणतेही काम कोणी करायचे नाही! आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामगारी गोष्ट हीच. जाळपोळीला पोलीस-पलटण उत्तर देते, शेकडो लोकांना पकडते, आणि तसेच झाले. एकजुटीने काम नाकारणाऱ्या गावाला पकडणार कसे?

चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ साली पार्लमेंटपुढे गेला. त्याने दोष सावकाराच्या माथी मारला, सरकारी सारा नामानिराळा राहिला. १८७९ च्या कायद्याने कर्जापायी कैद थांबली, रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. एवढे पदरात पडले, हे थोडके नाही. पण सारा ठरवणारा दूर होता, सावकार बाजारपेठेत बसलेला होता. राग जवळच्यावर निघाला.

या बंगळुरातही तुलना नेहमी शेजाऱ्याशीच झाली. १९८०-८१ मध्ये येथील सरकारी कारखान्यांत ७७ दिवसांचा संप झाला, तो 'भेल'च्या बरोबरीचे वेतन मागण्यासाठी. उपाशी माणसांचा तो संप नव्हता. सारखे काम, वेगळा पगार, हे त्यांना खुपत होते.

मग आज आपला शेजारी कोण? आपणच धुतलेल्या गाड्या आता ठेकेदाराचा माणूस धुतो, त्याला आपला पास नाही, रजा नाही. खेड्यात टपाल वाटणारा ग्रामीण डाक सेवक खात्याचे काम करतो, पण खात्याचा नियमित नोकर नाही. त्यांच्या नजरेत आपण कोण, सारा ठरवणारे की बाजारात बसलेले?

१८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे आधी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरीला होते. स्वतः कारकुनी केलेल्या माणसाने गिरणीतल्या मजुरासाठी रविवारची सुट्टी मागितली, आणि १८९० साली ती मिळवली. आपल्या शाखेच्या पुढच्या बैठकीत ठेक्यावरच्या सफाई कामगारांना सभासद करून घेण्याचा ठराव येणार आहे. त्यावर मत देण्यापूर्वी करड्याच्या गावकऱ्यांविषयी घरी चार शब्द बोला, एवढीच आमची विनंती.