उंच वास्तू आणि मुळशीचे पाणी
(पंचायत सदस्यांपुढील व्याख्यान)



शहरातील उत्तुंग हॉटेल ही विटा-सिमेंटची किमया वाटते. परंतु तिचा खरा आधार पाणी आणि वीज हा आहे. आणि त्या दोहोंचा इतिहास मुळशीशी निगडित आहे.

जमशेटजी टाटा यांनी उभारलेले मुंबईचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांनी आखलेली ही वास्तू डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केली. भव्य घुमट, आधारखांबाविना वर चढणारा जिना आणि विजेचे दिवे ही तिची वैशिष्ट्ये होत. त्या काळी हॉटेलला स्वतःचे वीजयंत्र बसवावे लागले. पुढे १९७३ मध्ये शेजारी कमानदार खिडक्यांचा बहुमजली मनोरा उभा राहिला. अशा मनोऱ्यात तळाशी स्वागतकक्ष व भोजनगृहे, वर एकसारख्या खोल्यांचे मजले असतात. लिफ्ट, नळ आणि विजेच्या तारा यांचे उभे मार्ग सर्व मजल्यांना जोडतात. वीज खंडित झाली की पंप थांबतात, आणि वरच्या मजल्यांवरील पाण्याची भिस्त केवळ टाक्यांतील साठ्यावर राहते.

मुंबईला ही वीज सह्याद्रीने दिली. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये व भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. मुळशी धरणाचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोसळून भिऱ्याची चक्रे फिरवते. मात्र या धरणाखाली मावळ्यांची भातखाचरे आणि राहती घरे गेली. १९२१ मध्ये सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्यांनी तुरुंगवास सोसला, पण धरण थांबले नाही. शहराच्या उंचीची किंमत खोऱ्याने मोजली.

आज हिंजवडीमुळे त्याच तालुक्यात बहुमजली हॉटेले व इमारती उभ्या राहिल्या आहेत. पूर्वी मुळशीच्या पाण्यावर दूरचे शहर उजळले. आता शहरच मुळशीच्या दारी आले आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर वा त्याहून उंच इमारत बहुमजली ठरते, आणि २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार आगीपासून संरक्षणाची साधने सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे वा भोगवटादाराचे कर्तव्य आहे. बांधकाम परवानगी आता पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या अखत्यारीत असली, तरी तिचे परिणाम गावालाच भोगावे लागतात.

म्हणून प्रत्येक नव्या मनोऱ्याविषयी सदस्यांनी चार प्रश्न विचारावेत. पाणी कोठून येणार? सांडपाणी शुद्ध होऊन कोठे जाणार? अग्निशामक गाडी इमारतीभोवती फिरू शकेल काय? आणि रोजगारात गावच्या तरुणांचा वाटा किती? त्या काळी खोऱ्याला विचारल्यावाचून निर्णय झाला. आज ग्रामसभा आहे. तिने योग्य वेळी, माहितीनिशी विचारलेला प्रश्न हाच विकासाचा भक्कम पाया होय.