बेळगाव परिसरातील प्राचीन स्थळे आणि गावकऱ्यांची राखण



एकोणिसाव्या शतकात खानापूर तालुक्यातील हलशी गावाबाहेर, नंदगडच्या रस्त्यालगत, चक्रतीर्थ नावाच्या लहानशा विहिरीजवळ मातीच्या ढिगाऱ्यात काही ताम्रपट सापडले. जुना पत्रा म्हणून ते तांबटाच्या भट्टीत गेले असते, तरी त्या काळी कोणाला नवल वाटले नसते. सुदैवाने ते जाणत्या हाती पडले. फ्लीट या अभ्यासकाने त्यांचे वाचन प्रसिद्ध केले आणि हलशी म्हणजेच कदंब राजांची पलाशिका नगरी, हे निश्चित झाले. पाचव्या शतकात मृगेशवर्मा राजाने आपल्या पित्याच्या स्मरणार्थ येथे जिनालय बांधविले व त्यास 33 निवर्तने जमीन दिली, असे त्यांतील एक पट सांगतो. त्याचा पुत्र रविवर्मा याच्या काळातील पटात कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याचे चार महिने यतींच्या अन्नाची सोय व्हावी, अशी तजवीज आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा चातुर्मास कसा जात होता, हे त्या चार ओळींवरून कळते. एवढी माहिती एका ढिगाऱ्यात दडलेली होती.

त्याच हलशीत भूवराह-नरसिंहाचे मंदिर आहे. ते गोव्याच्या कदंबांच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकातील. एकमेकांसमोर दोन गाभारे ही त्याची विशेष रचना. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना नुसते नमस्कार करून बाहेर काढू नये. खांब, छत, जोते यांपुढे घटकाभर बसवावे व दिसेल ते कागदावर काढावयास सांगावे.

बेळगावचा किल्ला पुष्कळांनी पाहिला आहे, पण बहुधा वाहनातून. आतील कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने 1204 मध्ये बांधविले. छतातून खाली लोंबणारे दगडी कमळ पाहताना मान दुखू लागते, तरी नजर हटत नाही. जवळच सफा मशीद आहे. 1472 मध्ये महमूद गावानच्या बहमनी सैन्याने हा किल्ला घेतला, तर 1818 मध्ये मन्रोच्या इंग्रजी फौजेने. एका तटाच्या आत इतक्या राजवटींच्या खुणा फार थोड्या ठिकाणी सापडतील. शहराच्या दक्षिणेस वडगाव-माधवपूर येथील उत्खननाने तर बेळगावचे वय सातवाहन काळापर्यंत मागे नेले. अलीकडच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी टिळकवाडीतील काँग्रेस विहीर पाहावी. डिसेंबर 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनासाठी ती खोदण्यात आली. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच वेळी. मराठा लाइट इन्फंट्रीचे संग्रहालयही याच शहरात आहे.

धारवाडच्या वाटेवर कित्तूर लागते. राणी चन्नम्मेच्या पडक्या वाड्याशेजारी शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. 1824 च्या लढ्याची हकिकत पाठ्यपुस्तकात वाचलेल्या मुलाने त्या भिंती प्रत्यक्ष पाहिल्या पाहिजेत.

निपाणीत पेशव्यांचे सरदार सिद्धोजीराव नाईक निंबाळकर यांच्या वैभवाच्या खुणा आहेत. परंतु इतिहास काही केवळ वाड्यांतच घडत नाही. एप्रिल 1925 मध्ये याच गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अशा प्रसंगांची दगडी खूण राहत नाही. पत्रके, चिठ्ठ्या, छायाचित्रे राहतात, आणि ती घराघरांतील ट्रंकांत कसरीच्या तोंडी जातात. निपाणीकरांना कोल्हापूरचे टाऊन हॉल वस्तुसंग्रहालय जवळचे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली रोमन समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती तेथे पाहावयास मिळते. समुद्रापलीकडची वस्तू घाट चढून पंचगंगेकाठी आली, हे मुलांना नकाशावर दाखविण्यासारखे आहे.

आता मूळ मुद्दा. वस्तुसंग्रहालयात जाऊन न पोचलेले कितीतरी अवशेष या भागातील गावांच्या शिवारात, ओढ्याकाठी आणि देवळांच्या पाठीमागे पडून आहेत. वीरगळ ओळखणे अवघड नाही. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि शिखरावर चंद्रसूर्य. गावासाठी किंवा गाईगुरांसाठी पडलेल्या माणसाचे ते स्मारक. काटकोनात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. अशा दगडांवर कोठे कपडे आपटले जातात, कोठे ते गोठ्याच्या पायात जातात. भक्तिभावाने ऑइलपेंट फासणारेही आहेत. त्यांचा हेतू चांगला, पण अक्षरे बुजतात ती बुजतातच.

विहीर खणताना, जोत्याचा पाया काढताना नाणी, ताम्रपट वा मूर्ती निघाली, तर चिंच-राखेने घासू नये. जागा, खोली, तारीख आणि सोबत मिळालेल्या खापरांसह तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवावे. भूमिगत धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे कायद्याने बंधनकारकच आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा 75 वर्षांची आहे. शेतकऱ्यास भीती वाटते ती कचेरीच्या हेलपाट्यांची, आणि ती अगदीच निराधार नाही. म्हणूनच अधिकाऱ्यांनी वर्दी देणाऱ्यास संशयिताप्रमाणे वागवू नये; त्याच दिवशी पोच द्यावी. तसे झाले नाही, तर पुढचा ताम्रपट मोडीतच जाईल.

प्रत्येक शाळेने एक जाड वही घालावी. गावातील प्रत्येक कोरीव दगडाला एक पान : तो कोठे उभा आहे, उंची किती, अक्षरे आहेत काय, वृद्ध मंडळी त्याला काय म्हणतात. अक्षरे कानडी असोत की देवनागरी, वाचता न आली तरी छायाचित्र चिकटवावे. दरवर्षी सातवीच्या मुलांनी वही हाती घेऊन शिवारफेरी करावी आणि गेल्या वर्षीचा दगड जागेवर आहे की नाही, ते पाहून सही करावी.