घरपट्टीची थकबाकी : वसई-विरारचा अनुभव
(भाषणाचा मजकूर)



घरपट्टीची थकबाकी म्हटली की दृष्टी प्रथम थकबाकीदाराकडे वळते. वसई-विरारमध्ये ती आधी दप्तराकडे वळवावी लागेल. ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली ती ४ नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र आणून. प्रत्येकीची आकारणी निराळी, नोंदवही निराळी. ज्याच्या नावाची नोंद अचूक नाही, त्याच्या दारी देयक पोचणार कसे?

देयक पोचल्यानंतरचा मार्ग कायद्याने आखून दिला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ अन्वये प्रथम देयक, मग मागणीची नोटीस, त्यानंतर अधिपत्र काढून जंगम मालमत्तेची जप्ती, आणि प्रसंगी स्थावर मालमत्तेचा लिलाव. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. जप्तीलाही मर्यादा आहेत : कुटुंबाचे आवश्यक कपडे, अंथरूण व कारागिराची हत्यारे यांना हात लावता येत नाही. शास्तीत सवलत देणाऱ्या अभय योजनेने तिजोरीत पैसा येतो खरा. परंतु ती वरचेवर जाहीर झाली, तर वेळेवर भरणारा मात्र खुळा ठरतो.

या परिसरातील खरा पेच अनधिकृत इमारतींचा आहे. अशा बांधकामावरही कर व शास्ती आकारली जाते. मात्र कलम २६७-अ प्रमाणे त्यामुळे बांधकाम नियमित झाले असे मानता येत नाही. घर घेणारा सामान्य माणूस कराच्या पावतीलाच मालकीचा दाखला समजतो. नालासोपारा पूर्वेला आरक्षित जागेवर उभ्या असलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. पावतीचा अर्थ वसुली कर्मचाऱ्याने दारातच समजावून सांगितला, तर एखादे कुटुंब तरी वेळीच सावध होईल.

ग्रामपंचायतींसाठी मुंबई नव्हे, तर आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जाणारा १९५८ चा कायदा लागू आहे. त्यातील कलम १२९ वसुलीचे. पण सदस्यांनी आधी कलम १४ वाचावे. रीतसर देयक बजावल्यावर ३ महिन्यांत कर न भरणारा सदस्य त्या पदास अपात्र ठरतो. त्यामुळे देयक बजावल्याची तारीख व पोच दप्तरात असणे अगत्याचे आहे, आणि सदस्यांच्या देयकांबाबत तर विशेषच.