पडद्यामागच्या माणसाचा सत्कार
(बमरोली येथे गणेशोत्सवात कार्यकारिणीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीला आपण चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा देव मानतो. पण गणपती या नावाचा साधा अर्थ आहे गणांचा पती, म्हणजे समूहाला सांभाळून नेणारा. कला आणि कारभार ही दोन्ही खाती आपण एकाच देवाकडे सोपवली आहेत. आपल्या व्यासपीठावर मात्र इतकी वर्षं सत्कार झाला तो एकाच खात्याचा. गाणाऱ्याला शाल, नाटकात काम करणाऱ्याला श्रीफळ, रांगोळीला बक्षीस. आणि ज्याने पावतीपुस्तक घेऊन दारोदार वर्गणी गोळा केली, पोलीस परवानगीसाठी खेटे घातले, रात्री दीडला खुर्च्या मोजून परत दिल्या, त्याचं नाव आभारप्रदर्शनात ‘ज्ञात-अज्ञात हात’ या दोन शब्दांत आटोपलं.

यात आमचा स्वतःचाही दोष आहे. काही वर्षांपूर्वी मुलांचं बालनाट्य बसवलं होतं. महिनाभर तालमी झाल्या, कपडे शिवून आले. हॉलचं बुकिंग, माईकवाल्याचा बयाणा, परवानगीचे कागद हे सगळं आपले एक काका एकटे बघत. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ते आजारी पडले. बयाणा कुणाला किती दिला, पावती कुठे आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. कार्यक्रम रद्द झाला. मेकअपची पेटी न उघडता परत गेली. मुलं रडली आणि त्यातली काही पुन्हा तालमीला आलीच नाहीत. तेव्हा आम्ही काकांच्या आजारपणाला दोष देऊन मोकळे झालो. खरं म्हणजे वीस वर्षं एका माणसावर सगळा भार टाकून आम्ही निर्धास्त बसलो होतो.

ही गोष्ट लहान नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील तापी लाइनच्या गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावकडून इथे आले. बमरोली, पांडेसरा, उधना भागात कुणी लूम्सवर, कुणी मिलमध्ये बारा-बारा तासांची पाळी केली आणि घरं उभी केली. आज तिसरी पिढी शाळेत गुजराती, मोबाइलवर हिंदी आणि आजीशी अहिराणी बोलते. मराठीत चार वाक्यं पाठ करून चारचौघांत उभं राहायची जागा त्यांच्यासाठी ही एवढीच आहे. मंडळ नीट चाललं तर ती टिकेल.

म्हणून यंदापासून ‘व्यवस्था सन्मान’ सुरू करायचं आम्ही ठरवलं आहे. काही सभासदांनी विचारलं की हिशेब ठेवणाऱ्याचा कसला सत्कार? त्यांच्यासाठी दोन उदाहरणं सांगतो.

पुण्याचा पुरुषोत्तम करंडक आपण सगळे ऐकून आहोत. महाविद्यालयीन एकांकिकांची ही स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली सुरू केली. मराठी रंगभूमीवरचे कितीतरी नट-दिग्दर्शक तिथून पुढे आले. हा पुरुषोत्तम कोण? कुणाला वाटेल, मोठा नट असेल. तर नाही. ते त्याच संस्थेची चिटणीसकी सांभाळणारे पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब वझे. एका चिटणीसाच्या नावाचा करंडक उचलण्यासाठी साठ वर्षं कॉलेजची पोरं जिवाचं रान करत आहेत. आणि २०२२ साली एकही एकांकिका त्या तोडीची वाटली नाही, तेव्हा परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. सन्मानाची किंमत अशी राखावी लागते.

दुसरं उदाहरण विष्णु दिगंबर पलुस्करांचं. गायक म्हणून ते थोर होतेच. पण ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा त्यांनी एका राजाच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या देणग्या, जाहीर जलसे आणि विद्यार्थी यांच्या बळावर संस्था चालवली. १९०८ मध्ये मुंबईला विद्यालय आलं. पुढे इमारतीचं कर्ज फिटेना आणि ती वास्तू लिलावात गेली. १९३१ साली पंडितजी वारले. इमारत नाही, गुरू नाही, तिथेच सगळं संपायचं. पण त्याच वर्षी शिष्यांनी आपल्या याच गुजरातेत, अहमदाबादला एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिकेपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या संगीत परीक्षा तेच मंडळ घेतं. आपली मुलं पेटी-तबल्याच्या परीक्षा देतात, त्यामागे ही गोष्ट आहे. वास्तू गेली तरी पंडितजींनी तयार केलेली माणसं उरली होती, आणि त्यांनी काम उचललं.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचंही तेच. गुरूच्या पुण्यतिथीनिमित्त भीमसेन जोशींनी १९५३ साली तो सुरू केला आणि स्वतः गाता गाता वर्षानुवर्षं त्याची व्यवस्थाही पाहिली. २०११ मध्ये ते गेले. महोत्सव मात्र चालूच आहे.

तेव्हा आपला सन्मान द्यायचा कुणाला? जो सगळ्यात जास्त धावपळ करताना दिसतो त्यालाच द्यावा, असं आम्हाला वाटत नाही. आम्ही पाच गोष्टी पाहणार आहोत. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत हिशेब फलकावर लागला का? कलाकाराला, माईकवाल्याला, मांडववाल्याला ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी मिळाले का? कार्यक्रम पत्रिकेवरच्या वेळेला सुरू झाला का? आधी कधी रंगमंचावर न आलेली किती मुलं, किती सुना-लेकी यंदा वर आल्या? आणि पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हा माणूस उद्या गावी गेला, तर त्याचं काम करू शकेल असा दुसरा माणूस त्याने तयार केला आहे का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकी चारही गोष्टी असूनसुद्धा सन्मान देणार नाही. एखाद्या वर्षी कुणीच बसत नसेल तर शाल घडी घालून कपाटात ठेवू. त्या वर्षी वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वर्षासाठी तयारीला लागा.

पहिला सन्मान ज्या काकांना द्यावा असं सगळ्यांच्या मनात होतं, त्यांना आम्ही घरी जाऊन विचारलं. ते म्हणाले, “मला शाल नको. आधी वही घ्यायला कुणीतरी येऊ द्या.” त्या वहीत हॉलवाल्यापासून ढोलताशावाल्यापर्यंत सगळ्यांचे नंबर, दर आणि प्रत्येक वर्षी काय चुकलं याच्या नोंदी आहेत. बालनाट्य रद्द झालं त्या वर्षाचं पानही आहे. त्यावर त्यांनी स्वतःचीच चूक लिहून ठेवली आहे.

म्हणून आज शाल नाही. आज आम्ही नावं मागतो आहोत. हिशेब, परवानगी, तालमी आणि मांडव, या प्रत्येक कामाला दोन-दोन माणसं हवीत, त्यातलं एक पंचविशीच्या आतलं. मुलींनी मागे राहू नये. ज्यांच्या पाळीची अडचण आहे त्यांनी रविवारची कामं घ्यावीत. आरतीनंतर काका दानपेटीजवळच्या टेबलावर वही घेऊन बसतील. सगळ्यांनी प्रसाद घ्या आणि ज्यांना जमेल त्यांनी आपलं नाव लिहून जा.

गणपती बाप्पा मोरया!