पालनहार

आजारपण काढणे असा एक वाक्प्रचार मराठीत आहे. तो आजारी माणसालाही लावता येतो आणि त्याच्या उशाशी बसलेल्या माणसालाही. 'त्यांनी दोन वर्षे मोठे आजारपण काढले,' असे आपण रुग्णाविषयी म्हणतो. आणि 'सुनेने सासऱ्यांचे आजारपण काढले,' असेही तितक्याच सहजतेने बोलून जातो. आपल्या पूर्वजांनी ह्या दोघांना एकच क्रियापद दिले, ह्यात मला मोठा शहाणपणा दिसतो. एका खाटेभोवती दोन माणसांचे आयुष्य थांबलेले असते, हे भाषेला ठाऊक होते. आपल्या गणतीला, कायद्याला आणि बहुधा आपल्या नातलगांनाही ते फार उशिरा कळले. अजून पुरते कळले आहे असे म्हणवत नाही.

मी जयपुरात राहतो. येथील सवाई मानसिंह रुग्णालयात टोंक, दौसा, करौली अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. रुग्ण एकटा कधीच येत नाही. त्याच्याबरोबर आलेली माणसे आवाराच्या आसपास, जेथे सावली मिळेल तेथे वळकटी टाकून बसलेली असतात. आपल्याकडील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाची हीच तऱ्हा आहे. औषधे आणणे, तपासणीच्या चिठ्ठ्या घेऊन ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर धावणे, रुग्णाला उठवणे, बसवणे, भरवणे ही सारी कामे ह्या सोबत्यांकडेच असतात. डॉक्टरांचे नाव दारावरच्या पाटीवर असते, रुग्णाचे नाव केसपेपरवर असते; आणि ह्या सोबतीणीजवळ असतो एक 'अटेंडंट पास'. ती कोणाच्या तरी बरोबर आलेली आहे, एवढेच त्या कागदाने सिद्ध होते. रुग्ण घरी गेला की त्या पासाचे काम संपते. तिचे काम मात्र तेथून पुढे सुरू होते.

ह्या कामाची गणती होते कशी? २००१ च्या जनगणनेत घरकाम आणि घरातील माणसांची शुश्रूषा करणाऱ्या सुमारे ३६ कोटी स्त्रियांना 'काम न करणाऱ्या' ठरवून भिकारी व कैदी ह्यांच्या रांगेत बसवले गेले होते. २०१० साली एका अपघात-भरपाईच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेच ह्या वर्गीकरणावर कडक ताशेरे ओढले. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने लोकांचा दिवस कसा जातो, ह्याची देशभर पाहणी केली, आणि २०२४ मध्ये पुन्हा केली. ह्या दुसऱ्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील शंभरांपैकी ४१ स्त्रिया घरातील कोणाची ना कोणाची काळजी घेताना आढळल्या, पुरुष २१. त्यात स्त्रियांचा वेळ जात होता दिवसाला १४० मिनिटे, पुरुषांचा ७४. शुश्रूषा करणारे पुरुष आहेतच, आणि त्यांची एकाकी कुचंबणा मी कमी लेखत नाही. पण ओझ्याचा काटा कोणीकडे झुकला आहे, हे सांगायला ज्योतिषी नको.

ह्या कामाला आपण 'सेवा' म्हणतो. शब्द थोर आहे, आणि तो थोर असल्यामुळेच फार सोयीचा झाला आहे. कामाचा हिशेब मागता येतो. सेवेचा हिशेब मागणारा क्षुद्र ठरतो. 'हिने आईसाठी हाडाची काडे केली हो,' असे चार लोकांत म्हणणारा भाऊ बहुधा मुंबईला किंवा बंगलोरला असतो, आणि त्याचे डोळे खरोखरच पाणावलेले असतात. ह्या स्तुतीत काही खोटे नसते. ती ऐकून बहिणीची एक रात्रसुद्धा झोपेची होत नाही, एवढेच.

अशा परिस्थितीत राजस्थानने २००५ मध्ये एक पाऊल टाकले, त्याविषयी मला आज विशेष सांगावेसे वाटते. आईबाप नसलेल्या मुलाला अनाथालयात न पाठवता त्याच्या काकाने, आजीने किंवा गावातल्या कोणी आपल्या घरी वाढवावे आणि त्यासाठी शासनाने दरमहा रक्कम द्यावी, अशी ती योजना. प्रथम ती अनुसूचित जातींतील अनाथ मुलांपुरती होती. नंतर तिचा परीघ वाढत गेला. जन्मठेप भोगणाऱ्यांची मुले, कुष्ठरोगाने किंवा एड्सने ग्रासलेल्यांची मुले, दिव्यांग मातापित्यांची मुले, दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या खाणकामगारांची मुले तिच्यात आली. 'नात्या'ला गेलेल्या आईची मुलेही आली. 'नाता' म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्यांना सांगावे लागेल: आपल्याकडच्या पाटाशी किंवा मोहतुराशी जवळीक सांगणारी ही राजस्थानातील रूढी आहे. आई दुसऱ्या घरी नांदायला जाते आणि पहिली मुले पुष्कळदा मागे आजीपाशी राहतात. अशा आजीची शासनाने दखल घेणे, ही मला मोठी जाणतेपणाची गोष्ट वाटते.

त्याहूनही मला भावते ते योजनेचे नाव. मुलाला सांभाळणाऱ्या त्या माणसाला अर्जावर 'पालनहार' म्हटले आहे. उत्तर भारतात हा शब्द एरवी परमेश्वराला लावतात. सरकारी भाषेला आम्ही नोकरशाही मंडळींनी जे रूप दिले आहे, ते पाहता 'हितग्राही संगोपनकर्ता' असे काही सुचणे अधिक स्वाभाविक होते! परंतु ज्या कोणाला हा शब्द सुचला, त्याने गावातल्या निरक्षर आजीला एका अर्जाच्या चौकटीत देवाच्या शेजारी नेऊन बसवले.

रक्कम किती? २०२३ मध्ये वाढवलेल्या दराने अनाथ मुलासाठी सहा वर्षांपर्यंत महिना १,५०० रुपये आणि पुढे अठरापर्यंत २,५०० रुपये. इतर वर्गांतील मुलांसाठी ७५० आणि १,५००. पालनहाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांहून अधिक नसावे आणि मूल अंगणवाडीत किंवा शाळेत जात असावे, ह्या अटी. महाराष्ट्रातही ह्याच जातीची बालसंगोपन योजना आहे. आज ती सावित्रीबाई फुले ह्यांच्या नावाने चालते, आणि २०२३ मध्ये तिची रक्कम महिना २,२५० रुपये झाली. ह्या पैशांत मूल वाढत नाही, हे उघड आहे. पण घरात एरवी 'आणखी एक खाणारे तोंड' ठरलेल्या मुलाच्या निमित्ताने पैसे येऊ लागले की त्याला सांभाळणाऱ्या बाईच्या शब्दालाही वजन येते.

तरीही ह्या योजनेची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. तिच्यात पालनहाराची ओळख मुलाच्या आधाराने आहे. स्वतःच्या हक्काने नाही. नात अठरा वर्षांची झाली की आजीचे नाव यादीतून निघते. तेव्हा आजी सत्तरीत असते, आणि पुष्कळदा आता नातच तिची उस्तवार करू लागलेली असते. त्या उलट दिशेच्या पालनासाठी ह्या योजनेत जागा नाही.

प्रौढांची, वृद्धांची, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचा प्रश्न सगळीकडेच मागे राहिलेला आहे. इंग्लंडात मेरी वेब्स्टर नावाच्या धर्मोपदेशिकेने १९५४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, वृद्ध मातापित्यांसाठी आपले काम सोडले. नऊ वर्षांनी तिने वृत्तपत्रांना पत्रे लिहिली: अविवाहित मुलगी घरी राहून आईबापांना सांभाळते, तिची नोकरी जाते, पुढचे निवृत्तिवेतन जाते, तिचे पुढे काय? पत्र वाचून ठिकठिकाणच्या स्त्रियांनी उत्तरे पाठवली. आपल्यासारखी आणखी कोणी आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते. १९६५ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली आणि १९७६ मध्ये तेथे शुश्रूषा करणाऱ्यांना भत्ता सुरू झाला. मात्र विवाहित स्त्रियांना तो वगळून! त्या काय, घरीच असायच्या, हा त्यामागचा तर्क. आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलीन ड्रेक ह्या विवाहितेचे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा १९८६ मध्ये तो भेद संपला. 'ती काय, घरीच असते' हे वाक्य आपल्या घरांतही ऐकू येते. म्हणून ही हकीकत सांगितली.

आपल्याकडील कायद्यांचे चित्र थोडे विचित्र आहे. ज्येष्ठ नागरिकांविषयीचा २००७ चा कायदा वृद्ध मातापित्यांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतो. म्हणजे सोडून जाणारा कायद्याला ठाऊक आहे. जवळ राहणारा ठाऊक नाही. केंद्रीय कर्मचारी स्त्रीला मुलांच्या संगोपनासाठी उभ्या नोकरीत ७३० दिवसांची रजा आहे, आणि ती योग्यच आहे; आईच्या पक्षाघातासाठी मात्र स्वतःची अर्जित रजा मोडावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र एक चांगली गोष्ट केली. 'काळजीवाहक' म्हणजे कोण, हे त्याने सांगितले, आणि त्या व्याख्येत आईवडील, घरचे लोक, मोबदला घेणारे आणि न घेणारे, सर्वांना घेतले. ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे, अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक-भत्त्याचीही तरतूद केली. पण शासनाच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. ह्या तीन शब्दांचा अर्थ आम्हा कचेरीतल्या माणसांना चांगला कळतो. केरळने अशा काळजीवाहकांना 'आश्वासकिरणम्' योजनेतून महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम नाममात्र खरी, परंतु क्षमता म्हणजे काय, हे ठरवणाऱ्याच्या मनावरही अवलंबून असते.

पैशाची बाजू शासनाची झाली. शेजाऱ्यांची बाजू वेगळी आहे, आणि तेथे आपले हात कोणी बांधलेले नाहीत.

आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याची आपली रीत जुनी आहे. हेतू चांगला, परंतु प्रत्यक्षात काय होते पाहा. संध्याकाळी चौघे येतात, खाटेपाशी बसतात, आपल्या ओळखीत हाच आजार कोणाला झाला होता व त्याचे पुढे काय झाले ते सांगतात, एखाद्या वैद्याचा पत्ता देतात. आणि जिने दुपारपासून पाठ टेकलेली नसते, ती आत चहाचे आधण ठेवते. चौघेही रुग्णाला 'आता कसे वाटते?' असे विचारतात. तिला कोणी विचारले, तर ती 'बरे आहे' म्हणणार, कारण दुसरे काही म्हणायला सवडही नसते.

केरळातील कोळिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमन आणि परिहारसेवेचे काम सुरू झाले. रुग्ण बरा होणार नसला तरी त्याच्या वेदना आणि घरच्यांचे ओझे हलके करावयाचे, हा त्या कामाचा हेतू. त्यातूनच पुढे गावोगावच्या सामान्य लोकांचे जाळे उभे राहिले, आणि २००८ मध्ये त्या राज्याने त्यासाठी धोरणही आखले. ह्या जाळ्यातील स्वयंसेवक डॉक्टर नसतात. शिक्षक, दुकानदार, निवृत्त कारकून, विद्यार्थी असे ते लोक. त्यांच्याकडून मागणी एवढीच: सोळा तासांचे प्रशिक्षण घ्या, थोडे दिवस अनुभवी माणसांबरोबर रुग्णांच्या घरी जा, आणि मग आठवड्याचे निदान दोन तास द्या. रुग्णाची कूस कशी बदलावी, अंथरुणातील व्रण कसा ओळखावा, आणि मुख्य म्हणजे न बोलता कसे बसावे, एवढे शिकायला सोळा तास पुरतात.

गणेशोत्सव, भिशी, भजन, वाचनालय ह्यांसाठी ज्यांच्यापाशी माणसे आहेत, अशी मंडळे महाराष्ट्राच्या प्रत्येक पेठेत आहेत. परप्रांतातल्या मराठी माणसांनीही आपापल्या शहरांत ती चालवली आहेत. आपल्या सभासदांपैकी कोणाच्या घरी असे दीर्घ दुखणे आहे, हे त्यांना कोणतीही पाहणी न करता माहीत असते. त्या घराला वर्गणीच्या पावतीबरोबर एक वार नेमून द्यावा: मंगळवारी चार ते सहा मंडळाचा माणूस येईल, चहा घेणार नाही, खाटेपाशी बसेल. दोन तासांत होऊन होऊन काय होणार, असे कोणी म्हणेल. बँकेत जाऊन येता येते. स्वतःचा दुखरा दात दाखवता येतो. मैत्रिणीकडे बसता येते. नाहीतर नुसते दार लावून शेजारच्या खोलीत झोपता येते.